चासीवरचा हात

राघोत्तमराव तंजावरच्या मराठी घराण्यातले. तीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर चेन्नईत अण्णा नगरच्या पलीकडे पत्र्याची शेड घेऊन जुन्या गाड्यांच्या चासी, म्हणजे बॉडीखालचे लोखंडी सांगाडे, रंगवायला लागले. माणूस अबोल, पण उघड्या लोखंडाला कुणी बोट लावलं की भडकायचा. "घामात मीठ असतं. इथल्या दमट हवेत तासाभरात गंज फुटतो," म्हणायचे.

गेल्या ऑगस्टात नुंगंबाक्कमच्या त्रिपुरसुंदरीबाईंनी आपली जुनी हेराल्ड गाडी त्यांच्याकडे सोपवली. त्यांचे यजमान चंद्रमौळी चार वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून गाडी उभीच होती. बॉडी उतरवली, चासी वाळूच्या माऱ्यानं साफ करून आणली. राखाडी, कोरी निघाली. राघोत्तमरावांनी ती हातमोजे घालून लाकडी घोड्यांवर ठेवली, शेडला कुलूप लावलं आणि जेवायला गेले.

परतले तेव्हा डाव्या पोकळ दांड्यावर नारिंगी गंजाचा पंजा उमटला होता. करंगळी अर्धीच.

आपल्याच हलगर्जीपणाला शिव्या देत त्यांनी तो भाग धुतला, घासला, गरम हवेनं सुकवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच पंजा, त्याच जागी. जरा गडद. त्यांनी स्वतःचा हात वरून धरून पाहिला. पाचही बोटं पुरती होती.

त्रिपुरसुंदरीबाई रंग ठरवायला आल्या. त्यांना पावडर कोटिंग हवं होतं. जाड, चकचकीत, एकदाच काय ते. बोलता बोलता त्यांची नजर दांड्यावर गेली आणि त्या थांबल्या.

"इंजिनच्या पंख्याच्या पट्ट्यात गेली होती त्यांची अर्धी करंगळी," त्या शांतपणे म्हणाल्या. "दर रविवारी गाडीखाली निजून इथंच धरायचे."

हाताला काम हवं म्हणून राघोत्तमरावांनी नळीचा छोटा कॅमेरा दांड्याच्या भोकातून आत सरकवला. आत कुणाचा हात जाणं शक्यच नव्हतं; भोक जेमतेम बोटाएवढं. पडद्यावर आधी नुसता काळोख दिसला. मग आतल्या भिंतीवर तळवा दिसला, रेषांसकट. तोही गंजाचाच.

"आत काय आहे, राव?"

त्यांनी पडदा फिरवला नाही. "गंज आहे, अक्का. पावडर आतवर पोचत नाही. वरून चकचकीत दिसेल आणि आतून वाळवीसारखं खाईल. बाहेरून इपॉक्सीचा रंग मारू, आत गंज रोखणारं मेण सोडू."

"दिसणार नाही ना मग?"

"नाही."

"सरी, तसंच करा," त्या म्हणाल्या. पदरानं त्यांनी पंजा हलकेच पुसला. पदराला नारिंगी लागलं, ते त्यांनी पुसून टाकलं नाही.

राघोत्तमरावांनी त्याच दुपारी लोखंड पुन्हा धुऊन इपॉक्सीचा पहिला हात दिला. समोरून हलले नाहीत, जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी काळा रंग चढवला. आठवड्यानं दांड्यात मेण सोडलं, खालच्या भोकातून ठिबकेपर्यंत, आणि वर आणखी एकदा.

जानेवारीत, पोंगलनंतर, जोडून झालेली गाडी तपासणीला परत आली. रंग अखंड होता. त्रिपुरसुंदरीबाईंनी स्टिअरिंगच्या चाकावरून हात न काढता विचारलं, "आत बघितलंत?"

"बघितलं. स्वच्छ आहे," राघोत्तमराव म्हणाले.

कॅमेरा त्यांनी पेटीतून काढलाही नव्हता.