आपल्याच चौकातलं कार्ड

शहरातले सिग्नल सांभाळणाऱ्या इंजिनिअरबाईंना सगळे सिग्नलबाई म्हणायचे. एके काळी त्यांच्या वाहतूक विभागात टेबलाला टेबल लागलेलं असायचं. मग खर्चकपात आली. गाड्या मोजणारे गेले, पट्टे मारणारा रंगारी गेला, नकाशे काढणारे दोघं गेले. उरल्या बाई आणि एक वायरमन. आणि त्या वायरमनला उंचावर चक्कर येते! म्हणजे शिडी धरणार वायरमन आणि वर चढणार इंजिनिअर. काय म्हणावं या कारभाराला? पण बाईंनी कधी रडगाणं गायलं नाही. ओढणी कमरेला बांधायची, पक्कड खिशात टाकायची आणि चढायचं.

सुटे भागही यायचे बंद झाले होते. तेव्हापासून एका सिग्नलचं काढायचं आणि दुसऱ्याला लावायचं, असा संसार चालला होता. मोडीत निघालेल्या सिग्नलचा स्क्रूसुद्धा बाई फेकू देत नसत.

अशात अंध माणसं खुर्च्या विणतात त्या कारखान्यासमोरचा सिग्नल बंद पडला. रस्ता ओलांडायची वेळ झाली की तो टकटक वाजायचा आणि त्या आवाजावर ती माणसं कामावर जायची-यायची. खांबाजवळच्या पेटीतलं कार्ड, म्हणजे सिग्नलचा मेंदूच, जळून गेलं होतं.

"राहू दे सध्या," साहेब म्हणाले. "तिकडून कुणाची तक्रार नाही."

"तक्रार कशी येणार, साहेब? टकटक ऐकू येईल म्हणून बिचारे कडेला उभे राहतात. मग कंटाळून तसेच रस्त्यात उतरतात. मी बघून आलेय."

"मग कार्ड आणू कुठून? झाडाला लागतं का?"

साहेबांचंही खोटं नव्हतं. मागणी केली की वरून नकार ठरलेला.

तसलं जुन्या बनावटीचं कार्ड आता तीनच चौकांत उरलं होतं. एक हॉस्पिटलपाशी, तिथे हात लावणं म्हणजे पापच. दुसरं बसस्टँडपाशी, तिथे सिग्नल बंद म्हणजे रोज एकाची गाडी दुसऱ्यावर. आणि तिसरं बाईंच्या स्वतःच्या घराखालच्या चौकात.

त्या चौकापलीकडे शिवणवालीचं दुकान होतं. बाईंची आई रोज दुपारी काठी टेकत, सिग्नल लागला की सावकाश पलीकडे जायची. काजं-बटणं करायची, चार गप्पा हाणायची आणि संध्याकाळी हसत घरी यायची. नवरा गेल्यापासून त्या माउलीला तेवढाच काय तो विरंगुळा. बाईंना हे ठाऊक नव्हतं थोडंच? चांगलंच ठाऊक होतं. तरी त्यांनी वायरमनला गाडी घराकडे घ्यायला सांगितली.

"बाई, आईंना विचारलंत का?" पेटी उघडताना वायरमन म्हणाला.

"तू शिडी धर," बाई म्हणाल्या. खरं तर त्या पेटीला शिडी लागत नव्हती.

कारखान्यासमोर टकटक पुन्हा सुरू झाली. घराखाली सगळे दिवे विझले. बाईंनी चारही बाजूंना 'थांबा'च्या पाट्या लावल्या, पण पाटी बघून कोण थांबतंय! आईने एकदा रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलं, एक रिक्षा अंगावरून गेल्यासारखी गेली, आणि ती परत वर आली. कार्ड कुठे आणि का नेलं ते बाईंनी सांगितलं, तरी त्या दिवसापासून तिने लेकीशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, ते मुकाट्याने. दुपारी गॅलरीत बसायची. समोर शिवणवाली दुकानाच्या पायरीवर येऊन हात हलवायची, आई इकडून हात हलवायची. तरी कार्ड परत आणायचा विचार बाईंनी मनात येऊ दिला नाही.

आणि मग एके संध्याकाळी खालचा किराणावाला चार शेजाऱ्यांना घेऊन दारात उभा राहिला.

"सिग्नल तुमच्याच बाईंनी काढलाय, आजी! आम्ही पाहिलंय. ज्या घरात राहायचं त्याचेच वासे मोजायचे? आम्ही वर तक्रार करणार!"

बाई पुढे झाल्या. तेवढ्यात आईने काठीने त्यांना बाजूला सारलं.

"तिला कशाला बोलताय? मी काढायला लावला."

"तुम्ही?"

"हो, मी! तिकडे खुर्च्यांच्या कारखान्यापाशी डोळे नसलेली माणसं रस्ता ओलांडतात. आपल्याला डोळे आहेत ना? मग बघून जाऊ. आणि तक्रार करायचीच आहे ना, तर नवं कार्ड मागा. सगळ्यांनी सह्या करा. माझं नाव पहिलं लिहा."

किराणावाला डोकं खाजवत जिना उतरला. बाकीचे त्याच्या मागे. दार लागलं.

"आई, तू खोटं बोललीस."

"मग काय करू? चारचौघांत तुला खाली बघायला लावू?" आईचा आवाज अजून तापलेलाच होता. "मला विचारलं का नाहीस गं?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

आईने लेकीचा ग्रीस लागलेला हात आपल्या हातात घेतला आणि पदराने पुसू लागली.

"म्हणाले असते," ती म्हणाली. "बरं झालं नाही विचारलंस."