कात्रीला सांगायचा आकडा

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत त्याचे नाव फक्त पगाराच्या यादीत उरले होते. बाहेर सगळे त्याला कात्री म्हणत. सव्वीस वर्षे तो खरेदी खात्यात होता. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत जायचा, मालकाने भाव सांगितला की कागदाकडे न बघताच म्हणायचा, "दहा टक्के कमी करा." भाव रास्त असो की नसो, दहा टक्के. एका मालकाने गडबडीत तोट्यातला भाव सांगितला, तर त्यातूनही या गृहस्थाने दहा टक्के उडवले आणि घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितले. फाटकाशी त्याची स्कूटर दिसली की आतून हाक उठायची, "कात्री आली!" त्याला ते ऐकू यायचे. खरे सांगायचे तर आवडायचेही.

मग कंपनीच्या मोठ्या गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली, की तुमचा एक पंप तयार होईपर्यंत किती कार्बन हवेत जातो? मोजायला बसल्यावर कळले, की कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यातून निघतो तो थोडाच. बाकीचा सगळा पुरवठादारांच्या भट्ट्यांतून निघतो. तेव्हा त्यांच्याकडे जाऊन इंधन कसे वाचेल ते दाखवणारा माणूस हवा होता. पुरवठादारांच्या त्रेचाळीसही कारखान्यांचे रस्ते पाठ असलेला एकच जण कंपनीत होता. आयुष्यभर नुसते मागत आलेल्या माणसाला आता मदत करायला पाठवले. सोबत एक फॉर्म दिला: वर्षभरात किती इंधन जाळले ते लिहा. कारखानदारांनी तो मुकाट्याने भरून दिला.

त्यांतला एक कारखाना भट्टीवाल्या बाईंचा. पंपातल्या लोखंडी दांड्या तापवून कठीण करायचे काम. नवऱ्यामागे सहा वर्षे त्या एकट्या अकरा माणसांसह तो चालवत होत्या. भट्टी तेलावर चालायची आणि ती सांभाळायचा एक म्हातारा, ज्याला सगळे मीटर म्हणत, कारण दारातून आत डोकावून नुसत्या रंगावरून तो तापमान सांगायचा. भिंतीवरचे खरे मीटर दोनदा बिघडले होते, हा एकदाही नाही. बाई नवऱ्याइतक्याच कमी बोलायच्या. चहा मात्र न विचारता यायचा.

आठ महिने कात्री तिथे खपला. दाराच्या फटी बुजवल्या. अर्धी रिकामी भट्टी पेटवायची नाही, दोन दिवसांचा माल एकदम घालायचा, असे ठरवले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर आत येणारी हवा तापवायची नळी बसवली, तेव्हा हा खुर्चीवरचा माणूस काजळीने माखून बाहेर आला आणि मीटर पोट धरून हसला. तेल कमी लागू लागले. धूर नजरेला दिसेल इतका पातळ झाला. सव्वीस वर्षांत आपण काहीतरी घडवले असे कात्रीला पहिल्यांदाच वाटत होते.

आणि वर्ष संपायच्या आत कंपनीने एक रेघ ओढली. गेल्या वर्षीच्या फॉर्मवरून ज्यांचा धूर या रेघेच्या वर, त्यांचे काम पुढच्या वर्षापासून बंद. रेघेच्या वर एकच नाव होते, भट्टीवाल्या बाईंचे.

आठ महिन्यांत तेल किती घटले याचा पुरावा दाखवला तर वरचे ऐकतील, अशा आशेने कात्री कारखान्यात धावला. पुरावा कुठे होता ते त्याला ठाऊक होते. मीटर रोज काम संपले की तेलाच्या टाकीत गज बुडवायचा, किती बोटे तेल उतरले ते बघायचा आणि मागच्या भिंतीवर खिळ्याने तितक्या रेघा ओढायचा. वर्ष संपले की एक लांब आडवी रेघ. कात्री सकाळपासून त्या भिंतीशी उकिडवा बसून रेघा मोजत होता. यंदाच्या झाल्या, चांगल्या कमी होत्या. मग तुलनेला गेल्या वर्षीच्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. फॉर्मवर लिहिलेले तेल भिंतीवरच्या तेलाच्या सव्वापट होते.

तो तरातरा बाईंच्या टेबलापाशी गेला. "बाई, फॉर्मवर तुम्ही सव्वापट लिहिलंत?"

"लिहिलं."

"कमी लिहिलं असतं तर समजू शकलो असतो. जास्त कोण लिहितं?"

"तुम्हाला सगळे जास्तच सांगतात, साहेब."

"अहो, ते भावाचं! हा धूर आहे!"

"विचारायला तुम्हीच आला होतात ना?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलं, आज आकडा घेतील, उद्या म्हणतील दहा टक्के कमी करा. म्हणून हातचं राखून लिहिलं."

बाई पुढे म्हणाल्या, "यांनी तुम्हाला एकदाच खरा भाव सांगितला होता. आठवतं?"

त्याला आठवत नव्हते.

"तुम्ही त्यातून दहा टक्के कापलेत. त्या वर्षी आम्ही तीन माणसं घरी बसवली. एक या मीटरचा सख्खा भाऊ. हे जाईपर्यंत सांगत होते, कात्रीला कधी खरं सांगू नकोस. तेवढं मी पाळलं."

मीटर दाराशी गज पुसत होता. त्याने वर पाहिले नाही. कात्रीला लाज वाटली, इतकी की समोरचा चहा उचलवेना.

आता दोन्हीकडून वाट बंद होती. गप्प बसावे तर कारखाना रेघेच्या वर. खरे सांगावे तर फॉर्मच्या तळाशीच छापले होते, की चुकीची माहिती देणाऱ्याचे काम ताबडतोब बंद. अकरा माणसे आणि बाई.

घरी त्याने बायकोला सगळे सांगितले. तिला विशेष आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

"आपली लेक काय करायची?" ती म्हणाली. "मैत्रिणीकडे तीन दिवस राहायचं असलं की तुमच्याकडे चार मागायची. तुम्ही म्हणायचात, चार नाही, तीन. दोघंही खूश."

"तू मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही केवढे खूश असायचात."

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या वरिष्ठ बाईंना चार ओळींचे पत्र दिले. भट्टीचा आकडा फुगवलेला आहे. खरा आकडा रेघेच्या बराच खाली आहे, भिंत येऊन मोजावी. पुरवठादारांना आकडे फुगवायची सवय मी लावली. चूक धरायची तर माझी धरावी.

वरिष्ठ त्याच्या लेकीच्या वयाच्या होत्या. पत्र वाचून त्यांनी विचारले, "हे एकाच कारखान्याचं?"

इथे खोटे बोलणे सोपे होते. "नाही," तो म्हणाला. "त्रेचाळीसही जणांचं असणार. बाकीचे फुगवूनही रेघेखाली राहिले, एवढंच."

"म्हणजे आपला अख्खा तक्ता खोटा." गेल्याच महिन्यात तो तक्ता त्यांनी सगळ्या साहेबांपुढे वाचून दाखवला होता. त्यांनी पत्राची घडी घातली. "खोट्या माहितीसाठी एकीचं काम बंद करायचं, तर त्रेचाळीस जणांचं करावं लागेल. मग पंप कशाचे बनवायचे? सगळीकडे पुन्हा मोजू. पण तुम्ही जायचं नाही."

"मला सगळे ओळखतात हो."

"म्हणूनच."

त्याला जुन्या नमुन्यांच्या कोठारात टेबल मिळाले.

नव्या माणसाने भिंत मोजली, बाईंचे काम कायम राहिले. ते कळल्यावर एका सुट्टीच्या दिवशी कात्री कारखान्यात गेला. फाटकाशी स्कूटर लावली, पण आतून कुणी हाक दिली नाही. मीटरने त्याला भट्टीच्या दाराशी नेले, आतला केशरी रंग दाखवला आणि तापमान विचारले. कात्री साफ चुकला. दोघेही हसले.

चहा आला. बाई त्याच्यासमोर बसल्या आणि न विचारता त्यांनी यंदा किती तेल लागले तो आकडा सांगितला. "अगदी खरा आहे," त्या म्हणाल्या.

"आज मला का सांगितलात?"

"आता तुम्ही काही कापू शकत नाही ना, म्हणून."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपे गेले असते. आकडा भरायला आता त्याच्याकडे फॉर्म नव्हता. त्याने खिशातली डायरी काढली आणि तो आकडा लिहून घेतला, तसाच्या तसा.