आकड्याला टांगलेली सायकल

सात रस्त्याजवळचा हा सायकलवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नाही, सायकलशीच बोलतो. शर्यतीच्या सरावानं माझे गुडघे सुजले होते, तरी मी थांबत नव्हतो. त्यानं अंगठ्यानं टायर दाबला आणि पुटपुटला, "लई दमलीस की गं." मग सायकल आकड्याला टांगून मला म्हणाला, "चाक थांबलं की न्यायला या."

मी रोज जाऊन बघायचो. वारा नसतानाही पुढचं चाक सावकाश फिरतच असायचं. सराव बुडू नये म्हणून मी पहाटे घरचा जिना धावत चढत-उतरत होतो, पण ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मात्र आठपर्यंत झोपलो. दुकानात गेलो, तर चाक थांबलेलं.

मान वर न करता तो म्हणाला, "आज झोपला व्हय तुमी?"