बोटावरचा गूळ

आरोग्य उपकेंद्राच्या दारात आले की मेंढपाळ बाबा आधी बोट पुढं करायचे आणि मान दुसरीकडं फिरवायचे. "टोचा बाई. काय म्हणायलंय रगात, ते सांगा."

झरीजवळच्या आमच्या उपकेंद्रात मी नर्स आहे. रक्तातली साखर तपासायचं छोटं यंत्र आल्यापासून हे बाबा माझे नेहमीचे पाहुणे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला आजारापेक्षा आकड्याचाच प्रश्न जास्त पडतो.

"सकाळी येगळा, दुपारी येगळा. मंग माझा खरा कोणता?"

"दोन्ही खरे, बाबा."

या उत्तरानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. माझंही व्हायचं नाही.

एकदा आकडा इतका चढला की मी घाबरून गाडी बोलवायला निघाले. मग लक्ष गेलं, बोटं चिकट होती. वाटेत गूळ खाल्लेला. हात धुवून पुन्हा टोचलं, तर आकडा बराच खाली. ते पोटभर हसले. "तुमची मिशन गूळ बी मोजायलीय की."

तिथून घोटाळा सुरू झाला. आकडा चढला की ते उठून नळावर जायचे, हात धुऊन यायचे. पुन्हा तोच आकडा, पुन्हा नळ. "गूळ आसंल कुठंतरी," म्हणायचे आणि मी दिलेल्या साखरेच्या गोळ्या तशाच परत ठेवायचे. इकडं काटा लागून झालेली त्यांच्या पायाची जखम काही भरेना.

शेवटी मी त्यांच्यासमोर माझंच बोट टोचलं. आकडा ठीक आला. मग नवी सुई, यंत्राची नवी पट्टी आणि त्यांचं बोट. माझ्या दुपटीहून जास्त.

त्यांनी आपलं बोट उलटसुलट करून पाहिलं. "मंग खोट माझ्यातच हाय म्हणायची."

त्याच दिवशी ते माझ्यासोबत परभणीला मोठ्या दवाखान्यात आले. गोळ्या नेमानं सुरू झाल्या, हळूहळू जखम भरली. मग गोळ्या कमरेला बांधून, कळप घेऊन ते सोनपेठकडं, गोदावरीकाठी गेले.

यंदा कळप परतला तो त्यांच्या बायकोसोबत. ती एकटीच माझ्याकडं आली.

"दुपारी बाभळीखाली टेकले, बाई. उठलेच न्हाईत."

"आणि गोळ्या, मावशी?"

"रोज घ्यायचे की. त्या दिशीबी घेतली."

साखर वाढली होती, की गोळीनं फारच उतरली, की वयच झालं होतं? तिथं बोट टोचायला कुणी नव्हतं.

"गोळीनं तर न्हाई न झालं काई?" तिनं हळूच विचारलं.

मी नाही म्हणाले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मी तिच्या.