अण्णांच्या वहीतला तांबट

आमच्याकडे पाहुणे आले की चहाच्या आधी अण्णांचा किस्सा निघतो. नवा किस्सा फाल्गुनात हमखास तयार होतो, कारण तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, आईला घेऊन पलसाण्याजवळच्या आमच्या शेतावर मुक्काम ठोकतात. सुरतेतल्या डिंडोलीच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. सकाळी आंब्याखाली खुर्ची टाकायची आणि कुठला पक्षी किती वाजता बोलला ते वहीत लिहायचं. एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत!

फक्त अलीकडे त्यांना कमी ऐकू येतं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, अण्णा सोडून.

*

एकदा त्यांनी फोन केला, नवीन पक्षी आलाय, एका सुरात कुईं-कुईं करतो, लगेच या. मी ऑफिसातल्या दोन मित्रांना घेऊन गेलो. दुर्बिणी लावून दोन तास झुडपांत उभे होतो. शेवटी शेजारच्या शेतातले रमणकाका आले आणि म्हणाले, "मास्तर, ए तो मारी पाणीनी मोटर छे."

अण्णा ढिम्म. वहीत लिहिलं, "अनोळखी. लाइट असली तरच बोलतो."

*

शेतघराच्या कौलांत साळुंकीनं घरटं केलं आणि कुकरची शिट्टी हुबेहूब उचलली. आईनं तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला, तर डाळ कच्ची!

पुढच्या रविवारी तिनं अण्णांनाच कुकरपाशी बसवलं. आठ शिट्ट्या झाल्या, डाळ करपली. अण्णा म्हणाले, मला वाटलं साळुंकीच आहे.

आई चिडली की अहिराणीवर येते. "तुमले ऐकू येस का नई, ते खरं सांगा."

"डाळ खमंग झालीय," अण्णा म्हणाले.

*

माझ्या मुलीनं, ईरानं, मोबाइलमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप घेतलं. अण्णांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. ते जोरात खोकले आणि स्क्रीनवर आलं, राखी बगळा!

ईरा हसून लोळली. अण्णांनी मात्र चष्मा लावून नाव वाचलं, शेताकडेच्या तळ्याकडे पाहिलं आणि बगळ्याची नोंद केली. त्या दिवसापासून ॲप हुशार ठरलं.

*

आता यंदाचं. या वेळी रजा काढून मीही शेतावर होतो. तांबट म्हणजे हिरव्या अंगाचा, लाल कपाळाचा चिमुकला पक्षी. भांडी ठोकल्यासारखा टुक-टुक करत राहतो. तो वहीत आल्याशिवाय अण्णांचा वसंत सुरूच होत नाही.

सहा दिवस अण्णा म्हणत होते, तांबट आला नाही. तांबट त्यांच्या डोक्यावरच्या फांदीत बसून टुक-टुक करत होता. सांगणार कोण? सातव्या दिवशी त्यांनी वही पिशवीत घातली. "पुरे आता. घरी जाऊ." मला फार वाईट वाटलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंब्यामागून टुक-टुक-टुक ऐकू आलं, जरा जास्तच दणदणीत. मी वाकून पाहिलं, तर आई पितळी खलबत्ता घेऊन बसलेली. तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

अण्णांनी मान तिरकी करून ऐकलं. पिशवीतून वही काढली, सावकाश लिहिलं आणि चहा मागितला. सुरतला परत जायचा विषय निघालाच नाही.

दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी वही उघडली.

"तांबट. सकाळी सात वीस, आंब्यामागे. कपाळ लाल, साडी हिरवी."