राहून गेलेली सही

करीम वकील गेले, त्याला आता महिना होईल. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी एक कबूल करायला हवं. हिंगोलीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये मी त्यांच्याबद्दल जे बोलत फिरलो, ते खोटं होतं. खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं; पण खरं आहे का, हे विचारायलाही मी कधी गेलो नाही...

आठ वर्षांपूर्वी माझ्यासोबत शिकवणाऱ्या दत्तरावांचं घर मी घ्यायचं ठरलं, तेव्हा कागद घेऊन आम्ही दोघं करीम वकिलांकडेच गेलो होतो. त्यांची पद्धत सगळ्या कोर्टाला माहीत होती. नोंदणीआधी खरेदीखत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचं, आणि घरावर ज्यांचा हक्क पोचतो ते सगळे समोर बसलेले पाहिजेत. घर दत्तरावांच्या वडिलांचं. नगरपालिकेच्या उताऱ्यावर मात्र एकट्या दत्तरावांचं नाव. करीम वकिलांनी चष्म्यावरून बघत विचारलं, बहिणी किती? एक, डोंगरकड्याला दिलेली, तिनं तोंडी सोडून दिलंय, असं दत्तराव म्हणाले.

"मग तिला घेऊन या. मी वाचतो, ती ऐकंल. सोडायचं तर ऐकून, सही करून सोडंल."

दत्तरावांचा चेहरा उतरला. मलाच ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी फाईल उचलली आणि दत्तरावांच्याच ओळखीच्या वकिलाकडे नेली. आठवड्यात नोंदणी झाली. करीमसाहेब सरळ कामाला फाटे फोडतात, असं सांगत मी पेढे वाटले.

तीन वर्षांनी त्या बहिणीनं, सुमनबाईंनी, हिश्शासाठी दावा लावला; तो अजून चालूच आहे. कुणीतरी त्यांना करीम वकिलांच्या पायऱ्या चढताना पाहिलं होतं. एवढं मला पुरलं. म्हाताऱ्यानं डूख धरला, त्यानंच बाईला उठवलं, असं मी गावभर केलं. एकदा कोर्टाच्या फाटकाशी ते समोर आले. हसून म्हणाले, "काय मास्तर, नव्या घरात करमून राहिलं ना?" मी मान फिरवली... ती शेवटची भेट.

ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं ऑफिस आवरताना माझ्या कागदांच्या राहिलेल्या झेरॉक्स परत दिल्या. वर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली होती: 'डोंगरकडा. बहिणीला वाचून दाखवणे.' तेव्हापासून त्या घरात बसवेना. या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या. शेवटी रविवारी डोंगरकड्याला जायला गाडी काढली.

सुमनबाईंनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. मी करीम वकिलांचं नाव काढलं.

"पहिले त्यांच्याकडंच गेल्ते मी. त्यांनी केस घेतली न्हाई. म्हणले, मास्तरची फाईल मी आधी पाहिली हाय, आता त्यांच्या विरोधात मला उभं राहता येत न्हाई. चहा पाजला अन् बसस्टँडपर्यंत सोडाया आले."

मी पिशवीतून ती चिठ्ठी आणि खरेदीखत काढलं आणि उभ्यानंच वाचू लागलो. त्यांच्यासारखं जमत नव्हतं, अडखळत होतो. 'सदर मिळकतीत इतर कोणाचाही हक्क अगर हितसंबंध नाही' इथं सुमनबाईंनी हात वर केला. ते परत वाचा, म्हणाल्या. मी परत वाचलं.

"म्हंजे मी हायच न्हाई."

चिठ्ठी अजून माझ्या बोटांत होती.

"ताई, वकीलसाहेब हे तुम्हाला ऐकवणार होते. मी ऐकवू दिलं नाही, वर त्यांनाच बदनाम केलं. तुमचा हिस्सा मी कोर्टात मान्य करतो. त्यांची माफी मागायची राहून गेली. तुमची मागायला आलोय... माझं चुकलं."