तापला की मुका होणारा सेन्सर

मे महिना, मंगळवार. ऊन कडक, वारा गरम, आभाळात ढगाचा तुकडा नाही.

गॅरेजमध्ये किस्से साठतात ते जुन्या नट-बोल्टांसारखे. प्रत्येक गाडी एखाद-दुसरा मागे सोडून जाते आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून आपण तो डब्यात टाकतो. धोंडीरामच्या पिकअपनं मात्र डबाच भरला!

धोंडीराम पाचोडकडचा, मेंढपाळाच्या घरचा. दुष्काळात चारा संपला तेव्हा मेंढरं विकून त्यानं जुनी डिझेल पिकअप घेतली, मागे पाण्याची टाकी बसवली. शहर वाढत वाढत माळावर गेलं होतं. नळ काही तिथवर गेले नव्हते. तिथल्या एका सोसायटीला तो पाणी पोचवायचा. पण गाडी रोज वाटेत बंद पडायची आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू व्हायची. पाणी उशिरा पोचायचं, शिवाय कमी भरायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी देशमुख काका त्याला म्हणाले, “वाटेत पाणी विकतोस आणि गाडीवर ढकलतोस. शनिवारपर्यंत हे थांबलं नाही, तर दुसरा टँकर लावतो.”

*

माझ्या गॅरेजात गाडी सकाळभर चालू ठेवली. एकदा तरी बंद पडावी? छे!

“दवाखान्यात आलं की दुखणं गायब,” मी म्हणालो.

“मेंढरू बी असंच करतं, दादा. घरी मान टाकतं, अन् ढोराच्या डाक्टरम्होरं उड्या मारतं!”

*

शेजारचा रिक्षावाला बबन म्हणाला, “हिला पाचोडचं डिझेल पाज. शहरातलं हिला मानवत नाय.”

धोंडीरामनं खरंच पाजलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “काही फरक?”

“हाय की. आता गावाकडं तोंड करून बंद पडती!”

*

मग मीच सोबत बसलो. वाळूजच्या कारखान्यांपाशी, शिफ्ट सुटायच्या वेळी, कंपनीच्या बसपुढं गाडी मेली. स्टार्टर फिरत होता, पण आरपीएमचा काटा शून्यावरून हलेना. इंजिन फिरतंय ही बातमी देणारा क्रँक सेन्सर भरल्या गाडीत तापला की मुका व्हायचा. त्यानं बातमी दिली नाही, तर कॉम्प्युटर डिझेल सोडत नाही.

हे सांगितल्यावर धोंडीराम म्हणाला, “म्हंजी साहेबाला खबर नाय, म्हणून मंजुरी नाय!”

मागून बसचे हॉर्न. मी सेन्सरवर तांब्याभर पाणी ओतलं. गाडी सुरू!

“टाकीभर पाणी पाठीवर, अन् हिलाच तहान लागली व्हय!”

*

तरी खात्री हवी होती. सेन्सर काढून मीटर लावला आणि शेजारच्या पार्लरमधून हेअर ड्रायर आणला. गार असताना रीडिंग बरोबर. गरम हवा मारली की रीडिंग गायब. पुन्हा गार केला, पुन्हा बरोबर.

पार्लरवाल्या ताई दारात उभ्या होत्या. “दादा, ह्याला ब्रायडल पॅकेजमध्ये घेऊ का?”

*

औरंगपुऱ्यात सलीमभाई स्पेअरवाल्यांनी धूळ झटकून एक डबी काढली.

“बसेल ना?” मी विचारलं.

“नै बैठा तो वापस लाओ. बैठा तो भी आ के बताओ, मेरेकू भी मालूम पडना!”

बसला.

*

शनिवारी देशमुख काका स्वतः केबिनमध्ये बसले. मी मध्ये. भरल्या टाकीनं गाडी माळाचा चढ चढली, एकदाही खोकली नाही.

“आता दुरुस्त झाली म्हणायची,” काका म्हणाले.

पुढे पत्र्याच्या वस्तीपाशी रस्त्याच्या कडेला हंड्यांची रांग होती. आम्ही पुढे जाणार, तोच एक म्हातारी ओरडली, “धोंडू, आज बंद नाय पडली व्हय रं?”

धोंडीरामनं आमच्याकडं पाहिलं नाही. ब्रेक मारला, उतरला आणि मागचा नळ उघडला. हंडे भरले. कुणी पैसे काढले नाहीत, त्यानं मागितले नाहीत. इंजिन चालूच होतं.

सोसायटीत पोचल्यावर काकांनी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. पाणी काठापासून चार बोटं खाली होतं. त्यांनी झाकण लावलं आणि वॉचमनला म्हणाले, “पाइप जोड.”